दिसल्याशिवाय दार नाही

१

हंगाम सुरू झाला की या दोघांचा संसार केबिनमध्ये यायचा. एकाने गाडी चालवायची, दुसऱ्याने सीटमागच्या बर्थवर पडदा ओढून झोपायचं, आणि मागे कंटेनरमध्ये कोवळा पालक नाहीतर स्ट्रॉबेरी गारठून बसलेली. दोघांचीही लायसन्सं जड गाडीची आणि दोघांच्याही जिभा तिखट. माल भरायच्या धक्क्यावरचे ड्रायव्हर तिला वहिनी म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू. नवऱ्याला ते जे काही म्हणत ते त्याच्या पाठीमागे म्हणत, तेव्हा ते राहू दे. वहिनी केबिनमध्ये नवऱ्याला अरे-तुरे करी आणि सासूबाईंसमोर अहो-जाहो. इतक्या हंगामांत यात तिची कधी गफलत झाली नव्हती.

फ्रीजच्या गाडीवर एक नियम असतो. आत गेलेला माणूस बाहेर आलेला डोळ्यांनी पाहायचा, मगच दार लावायचं. हाक मारून भागत नाही. कंटेनरच्या कपाळावर थंड हवा सोडणारं युनिट घुरघुरत असतं, त्यात आतलं बाहेर ऐकू येत नाही की बाहेरचं आत. शिवाय धक्क्यावर गाडीला गाडी लागलेली, कोणाचा आवाज कुठून आला याचा पत्ता लागत नाही. म्हणून, दिसल्याशिवाय दार नाही. नवखे ड्रायव्हर याला हसतात. मग कोणी तरी जुना माणूस त्यांना बाजूला घेऊन काही तरी सांगतो, आणि त्यांचं हसणं बंद होतं.

त्या सकाळी वहिनीचं डोकं फिरलेलं होतं. चहापासूनच जुंपली होती. मुलगी सासूबाईंजवळ राहायची, आणि आदल्या दिवशी फोनवर बोलता बोलता तिने आईलाच ‘आजी’ अशी हाक मारली होती. चुकून मारली, लगेच हसलीही. वहिनीला मात्र ती हाक घास अडकावा तशी अडकली होती.

‘‘हा शेवटचा हंगाम,’’ ती म्हणाली. ‘‘पुढच्या वर्षी मी गाडीवर नाही.’’

‘‘आणि खायचं काय? तुझा राग?’’ नवरा म्हणाला, आणि क्रेटवर चढून पोटावर सरपटत आत गेला. छताला थंड हवेची एक लांब कापडी नळी असते. तिचं पुढचं टोक सुटलं होतं, ते बांधायचं होतं.

वहिनी दाराकडे पाठ करून उभी राहून मनातल्या मनात उत्तरं जुळवत होती. इतक्यात धक्क्यावरचा मुकादम दाराला लावायचं सील घेऊन आला. ‘‘वहिनी, आवरा. मागे रांग लागलीय.’’

‘‘आलास का रे?’’ ती ओरडली.

‘‘आलो. लाव,’’ आवाज आला. पुढून, केबिनच्या बाजूने. पाठोपाठ केबिनचं दार धाडकन लागल्याचंही तिने ऐकलं. त्याचं तोंड आत्ता बघायची तिला मुळीच इच्छा नव्हती. तिने दोन्ही फळ्या लोटल्या, दांडे खाली पाडले. मुकादमाने सील अडकवलं.

२

गाडी हायवेला लागली तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पडदा ओढलेला होता. वहिनी भांडणाचा पुढचा भाग सुरू व्हायची वाट बघत होती, कारण नवरा शेवटचा शब्द दुसऱ्याला देणाऱ्यातला नव्हता. बराच वेळ काही आलं नाही, तेव्हा तीच म्हणाली, ‘‘झोपलास?’’

‘‘नाही.’’

‘‘मग मी म्हणाले त्याचं काय?’’

पडद्यामागून आवाज आला, ‘‘तू म्हणशील तसं.’’

वहिनीचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य तिने त्याच्या तोंडून ऐकलं नव्हतं. बोहल्यावर उभा असतानासुद्धा तो ‘बघू’ म्हणाला असता, तिथे भटजींनी विचारलं नाही म्हणून राहिलं.

‘‘टोमणा मारतोयस?’’

‘‘नाही. करू तसं.’’

‘‘घरी राहायचं. दोघांनी. पोरीजवळ.’’

‘‘हो.’’

‘‘आणि तुझ्या आईने काही म्हटलं तर तू बोलायचंस. मी नाही.’’

‘‘बोलेन.’’

आवाज त्याचाच होता, झोप न झालेला, जरा खरखरीत. वहिनीने आरशात पाहिलं, तर पडद्याची घडी तेवढी हलत होती. सांगायला हरकत नाही, तिला फार बरं वाटलं. इतकं बरं की डोळे भरून आले आणि समोरच्या गाडीच्या तिला क्षणभर दोन गाड्या दिसल्या. शेवटी माणसाला कळतं, तिने मनाशी म्हटलं. उशिरा का होईना, कळतं.

मग तिची नजर समोरच्या आकड्यावर गेली. डॅशबोर्डवर कंटेनरमधलं तापमान दाखवणारी एक छोटी चौकट होती. तिथे दोन अंश असायला हवं होतं. तीन होतं.

३

तीन म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. माल शेतातून गरम आला, दार जास्त वेळ उघडं राहिलं, की आकडा चढतो आणि तासाभरात उतरतो. वहिनी हे सगळं जाणून होती. पण हा आकडा चढला, थोडा उतरला, पुन्हा चढला. मालाचं तापमान असं खालीवर होत नाही. माल एकदा गार व्हायला लागला की गारच होत जातो.

‘‘आकडा बघ ना जरा, काय करतोय ते,’’ ती म्हणाली.

‘‘माल गरम भरलाय. येईल खाली.’’

एरवी त्याने पडद्यातून मुंडकं काढलं असतं, तिला बाजूला सारून चौकटीवर बोटं आपटली असती आणि सगळ्या दुनियेला शिव्या घातल्या असत्या. तो माणूस मालाच्या बाबतीत स्वतःच्या आईचंही ऐकत नसे. आज तो पडूनच राहिला. दमला असेल. काल पहाटेपर्यंत त्यानेच गाडी चालवली होती.

थोड्या वेळाने ठोके ऐकू आले. केबिनच्या मागच्या पत्र्यापलीकडे, हातभर जागा सोडून, कंटेनरची पुढची भिंत. आवाज तिथून येत होता. धप्, धप्, मग थांबायचा, मग पुन्हा धप्. इंजिनाच्या आवाजाखाली तो ऐकू येत होता असंही म्हणता येत नाही. सीटच्या पाठीतून तो तिच्या मणक्याला लागत होता.

‘‘हे काय वाजतंय?’’

‘‘क्रेट सरकताहेत.’’

रस्ता सरळ होता, आरशासारखा गुळगुळीत. अशा रस्त्यावर क्रेट सरकत नाहीत. आणि सरकले तरी ते धापा टाकल्यासारखे मधे मधे थांबत नाहीत. वहिनीने गाडी जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवून पाहिली. क्रेट सरकत असते तर आवाजात फरक पडला असता. पडला नाही.

बूट काढायची नवऱ्याची एक ठरलेली जागा होती, तिच्या शेजारच्या सीटच्या पायाशी. त्या बुटांच्या वासावरून तिने त्याला किती वेळा सुनावलं होतं. तिने खाली पाहिलं. तिथे रबरी चटई होती आणि चटईवर काही नव्हतं.

‘‘बूट घालून झोपलायस?’’

‘‘हो.’’

‘‘चादरीवर?’’

‘‘काढतो,’’ तो म्हणाला. पण मागे काहीच हललं नाही. बर्थची स्प्रिंग कूस बदलली तरी करकरते, तीही नाही.

४

सासूबाईंचा फोन आला. त्या रोज याच सुमाराला करत, आणि तब्येतीची चौकशी करायच्या निमित्ताने मुलाला झापून काढत. आज त्या आधी वहिनीवरच घसरल्या.

‘‘त्याचा फोन का लागत नाही गं? मघापासून करतेय. ती बाई म्हणते, आवाक्याबाहेर आहे.’’

‘‘माझ्या मागेच झोपलेत, आई. आवाक्याबाहेर कसले?’’ वहिनी म्हणाली. तोंडात अहो-जाहो आपोआप आलं. ‘‘थांबा, देते.’’

एक हात स्टिअरिंगवर ठेवून तिने दुसऱ्या हाताने फोन पडद्यातून मागे धरला. तो घेतला गेला. तिच्या बोटांना बोटं लागली नाहीत. फोन नुसता हातातून सुटला, पण खाली पडल्याचा आवाज झाला नाही.

मागून ऐकू येत होतं. ‘‘हो.’’ जरा वेळाने, ‘‘हो, आई.’’ मग, ‘‘तू म्हणशील तसं.’’

सकाळी हेच वाक्य तिने जपून ठेवलं होतं, आणि ते असं कोणालाही देण्यातलं निघालं.

फोन परत आला. तो हातात घेताना ती दचकली. बर्फाच्या खोक्यातून काढल्यासारखा गार होता, आणि केबिनच्या उन्हात येताच त्याच्या काचेवर वाफ धरली. तिने तो मांडीवर पुसून कानाला लावला.

‘‘बरा आहे ना गं तो?’’ सासूबाईंचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. ‘‘मी त्याला घालूनपाडून बोलले. म्हटलं, पोर तुझं नाव विसरायला लागलीय, लाज आहे का? तर म्हणतो, हो आई. अगं, जन्मात कधी हो म्हणाला नाही मला. पाळण्यात असल्यापासून नाही.’’

‘‘दमलेत ते.’’

‘‘दमला की तो जास्त भांडतो,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘तू त्याला बघितलंस का? डोळ्यांनी?’’

वहिनीने आरशात पडद्याकडे पाहिलं. फोन ठेवला आणि त्याच हाताने नवऱ्याचा नंबर लावला. पडद्यामागे काही वाजलं नाही. कानात त्या बाईने शांतपणे सांगितलं की हा नंबर आवाक्याबाहेर आहे. पत्र्याच्या कंटेनरमध्ये, दार लावल्यावर, कोणाचाच फोन लागत नाही. हे प्रत्येक ड्रायव्हरला माहीत असतं.

माणसाचं डोकं अशा वेळी फार वकिली करतं. बॅटरी उतरली असेल, ते म्हणालं. त्याने फोन बंद केला असेल. तू रागात आहेस, तुला झोप नाही. पडदा ओढ की बाजूला, हाताच्या अंतरावर तर आहे. वहिनीचा हात पडद्याकडे गेला आणि कापडाला लागायच्या आधीच मागे आला. पडद्याच्या फटीतून तिच्या मनगटावर गारवा येत होता.

५

ठोके थांबले होते. कधी थांबले ते तिला कळलं नाही, आणि हीच गोष्ट तिला सगळ्यात जास्त लागली.

तिने आकड्याकडे पाहिलं. साडेतीन. मग तीन. मग पुन्हा साडेतीनकडे जाऊ लागला, जाता जाता अडखळला, खाली आला. आणि वहिनीला कळलं. एका झटक्यात कळलं, आणि स्वतःच्या बधिरपणाची तिला अशी चीड आली की तिने स्टिअरिंगवर मूठ आपटली. आतून हाक ऐकू जात नाही. ठोक्यांचा भरवसा नाही. मग आत अडकलेला ड्रायव्हर केबिनमधल्या ड्रायव्हरला कसं कळवेल? हवेची कापडी नळी मुठीत आवळायची. हवा अडली की आकडा चढतो. सोडली की उतरतो. पुन्हा आवळायची. तिचा नवरा सकाळपासून तिला हाका मारत होता, आणि ती पडद्यामागच्याशी संसाराच्या गोष्टी करत होती.

आकडा अडीचवर आला. मग दोनवर. आणि दोनवरच राहिला.

‘‘बघ,’’ मागून आवाज आला. ‘‘आला खाली.’’

इतका चांगला आकडा तिला कधी इतका वाईट वाटला नव्हता; नळी आवळणारी मूठ सैल पडली होती. पुढे गाड्या उभ्या करायला रस्त्याच्या कडेला मोकळी जागा दिसली, तिथे तिने गाडी घातली. ब्रेक लावला, इंजिन बंद केलं, युनिट बंद केलं. ते बंद झाल्यावर केबिनमध्ये जी शांतता पसरली तिच्यात एकाच माणसाचा श्वास ऐकू येत होता, आणि तो तिचा होता.

‘‘कशाला थांबलीस?’’

तिने सीटखालून पकड काढली.

‘‘सील तोडलंस तर माल घेणार नाहीत,’’ आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता, आणि नवऱ्याच्या आवाजात राग नसला की तो किती परका वाटतो हे तिला नव्यानेच कळलं. ‘‘पुन्हा कोणी गाडी देणार नाही.’’

‘‘न देऊ दे.’’

‘‘घरी जायचंय ना तुला? जाऊ की. मी हो म्हटलंय.’’ पडद्याची घडी तिच्या बाजूला थोडी फुगली. ‘‘तो कधीच म्हणणार नाही.’’

वहिनीने दार उघडलं आणि पायरी न बघता खाली उडी मारली.

६

बाहेर लख्ख ऊन होतं. हायवेवरून गाड्या जात होत्या, एका कारच्या खिडकीतून कुत्रं डोकं काढून वारा खात होतं. असल्या उजेडात असलं काही नसतं, असं तिला वाटलं, आणि तसं वाटत असतानाच तिने सील तोडलं. दांडे वर केले. दोन्ही फळ्या सताड उघडून बाजूच्या कड्यांना अडकवल्या, कोणी लोटल्या तरी लागू नयेत म्हणून. पांढरी थंड वाफ तिच्या पायांवरून जमिनीवर उतरली.

तिने नवऱ्याला हाक मारली.

क्रेटवर चढून, फोनचा टॉर्च एका हातात धरून, ती पोटावर सरपटत आत गेली. छत डोक्याला लागत होतं. खाली पालकाची पानं ओली, करकरीत, आणि त्यांचा तो हिरवा वास, जो तिला एरवी आवडायचा. ती त्याला शिव्या देत होती, त्याची काळजी वाटली की द्यायची त्याच. जिवंत असलास तर बघ, ती म्हणत होती. नुसता जिवंत अस, मग बघते तुझ्याकडे.

पुढच्या भिंतीपाशी क्रेट संपत होते आणि माणूस जेमतेम बसेल एवढा खळगा होता. तो तिथे होता. गुडघे पोटाशी, ओठ निळे, कापडी नळीचं टोक अजून मुठीत. भिंतीवर जिथे त्याने बूट मारले होते तिथे पत्र्याला पोचे पडले होते. दाराकडे जाऊन बसला असता तर थंडी कमी लागली असती. पण इथून वहिनी जवळ होती.

तिने त्याचा गाल चापटला. त्याचे डोळे उघडले.

‘‘ऊठ!’’ ती ओरडली. तिचा आवाज रडका झाला होता, आणि झाला तर झाला. ‘‘ऊठ, मेल्या, ऊठ!’’

तो तिच्याकडे बघत राहिला, ओळख लागत नसल्यासारखा. जीभ जड झाली होती. ‘‘आता परत कशाला ओरडतेस?’’ तो म्हणाला. ‘‘मघाशी किती गोड बोलत होतीस.’’

‘‘कधी मघाशी?’’

‘‘इथेच तर बसलीयस केव्हाची. हात धरून.’’ त्याने मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवली, जिथे क्रेट आणि भिंत यांच्यामध्ये अंधार होता. बराच वेळ तो तिकडे पाहत राहिला. मग पुन्हा वहिनीकडे पाहिलं. ‘‘मग ही कोण?’’

वहिनीने टॉर्च तिकडे वळवला नाही. पण उजेडाच्या कडेला काही तरी चमकलं. ड्रायव्हरांच्या जॅकेटच्या बाहीवर असते तशी पट्टी, वरून एक सैल शिवण सुटलेली. तिच्या स्वतःच्या बाहीवरची पट्टीही तशीच सुटलेली होती, आणि जॅकेट तिच्या अंगात होतं.

तिने त्याची कॉलर दोन्ही मुठींत पकडली आणि मागे ओढायला सुरुवात केली. तो भारी माणूस होता. क्रेटवर घेईपर्यंत तिच्या छातीत कळा आल्या. हात सटकत होते, टॉर्च कुठे तरी क्रेटच्या फटीत पडला. एक वीत, अजून एक वीत. अर्ध्यावर आल्यावर ताकद संपली. ती कपाळ त्याच्या गार कपाळाला लावून रडली आणि म्हणाली, हंगाम कर हवे तेवढे, भांड हवं तेवढं, फक्त चल.

आणि मग तो हलका झाला. जड पेटी उचलताना पलीकडून कोणी हात लावला की होते तसा. दोघांनी मिळून इतक्या पेट्या उचलल्या होत्या की तो फरक तिच्या दंडांना पाठ होता. तिने त्याच्या पायांकडे पाहिलं नाही. ओढत राहिली, उलटी, दाराकडे पाठ करून, आणि तो आता आपणहून यावा तसा सरकत येत होता.

पाठीवर उजेड जाणवला. उन्हाची ऊबही जाणवली, आणि मग ती मधूनच तुटली. वहिनीने मान वळवली. दारं सताड उघडी होती, बाहेर हायवे होता, गाड्या जात होत्या. दाराच्या मधोमध कोणी तरी उन्हाकडे पाठ करून उभं होतं. खालून माल घ्यायला पुढे करतात तसे त्याने दोन्ही हात पुढे केले होते.

‘‘दे,’’ तो पडद्यामागच्या आवाजात म्हणाला. ‘‘दमलीस. दे इकडे.’’

वहिनीने कॉलर आणखी घट्ट आवळली आणि पाय रोवून तिथेच थांबली. नवऱ्याच्या पायांकडून ढकलणं मात्र थांबलं नव्हतं.